कादंबरी, पडदा आणि पूर्णाकाठ

इतिहासाच्या अभ्यासकाला अंजनगाव सुर्जी हे नाव ठाऊक असते ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तेथे झालेल्या तहामुळे. अडत्या-व्यापाऱ्याला ते ठाऊक असते तेथल्या पानमळ्यांमुळे आणि पानपिंपरीमुळे. परंतु मराठी चित्रपटाचा ज्याला नाद आहे, त्याने या तालुक्याची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवली पाहिजे. याच तालुक्यातील शेंडगाव या खेड्यात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी जानोरकर या परिटाच्या घरी जन्मलेल्या डेबूजी नावाच्या मुलाचे आयुष्य जेव्हा शंभर वर्षांनी पडद्यावर आले, तेव्हा ते लिहून देणारा लेखकही याच अमरावती जिल्ह्यातील परतवाड्यात जन्मलेला होता. डेबूजी म्हणजे गाडगेबाबा, लेखक म्हणजे गोपाळ नीलकंठ दांडेकर ऊर्फ गोनीदा, आणि चित्रपट म्हणजे राजदत्त यांनी १९७७ साली दिग्दर्शित केलेला ‘देवकीनंदन गोपाळा’.

त्याच सालात गोनीदांची आणखी एक कृती पडद्यावर गेली. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ हा चित्रपट त्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून झाला. त्यापूर्वी १९६६ मध्ये ‘पवनाकाठचा धोंडी’ या कादंबरीवर चित्रपट निघालेलाच होता. तेराव्या वर्षी घर सोडलेला, गाडगेबाबांच्या मागोमाग काही काळ हिंडलेला आणि अखेर तळेगाव दाभाडे येथे स्थिरावलेला हा वऱ्हाडचा लेखक अकरा-बारा वर्षांच्या अवधीत तीन वेळा पडद्यावर आला. कादंबरीचा चित्रपट होतो म्हणजे नेमके काय होते, हे सामान्य वाचकापुढे मांडण्यासाठी याहून सोयीचा मासला शोधू गेल्यास सापडणे कठीण आहे.

चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्या मंडळीत पुस्तक वाचलेला एक तरी इसम असतोच, आणि ‘पुस्तकाची सर नाही’ हा त्याचा निकाल पायऱ्या उतरण्यापूर्वीच लागलेला असतो. या निकालाची कारणे विचारली तर तो गाळलेल्या प्रसंगांची यादी देतो: अमुक पात्र दिसलेच नाही, तमुक प्रकरण उडवले, शेवट बदलला. ही फिर्याद अगदीच खोटी नसली, तरी तिचा रोख चुकीच्या आरोपीवर आहे, असे मला वाटते. कथानकाची काटछाट वाचक एरवी सुखाने सोसतो. लहानपणी त्याने रामायण-महाभारताच्या संक्षिप्त आवृत्त्याच वाचलेल्या असतात आणि त्यांत त्याला कधी उणे भासलेले नसते. त्याचे जे खरोखर हरवते ते म्हणजे कथा सांगणारा माणूस. कादंबरीच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक आवाज वाचकाच्या कानाशी बोलत असतो, कधी चिडवतो, कधी पुढचे सूचित करतो, कधी पात्राच्या मनात शिरून तेथली अडगळ दाखवतो, आणि वाचक त्या आवाजाच्या संगतीला इतका सरावतो की तो आवाज आहे याचाही त्याला विसर पडतो. पडद्यावर माणसे, झाडे, घरे सगळी येतात. हा बोलणारा मात्र दाराबाहेर राहतो. त्याला आत घेऊन कोठे बसवायचे, हाच रूपांतराचा मुख्य प्रश्न आहे आणि बाकीचे प्रश्न त्याच्या पोटात येतात.

हे तत्त्वचर्चेत न ठेवता एका उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या वऱ्हाडी कादंबरीत असे एक वाक्य आहे (वाक्य माझेच रचलेले आहे, कोणत्याही पुस्तकातले नाही): ‘तीन वर्षे झाली, दर बाजारच्या दिवशी निघताना म्हातारी उंबऱ्याशी थबके आणि आपण मुलाच्या पत्राची वाट पाहत नाही, असे स्वतःला बजावून पुढे होई.’ वाचायला पाच-सात सेकंद लागतात. आता पटकथाकाराची पंचाईत पाहा. ‘तीन वर्षे’ कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्याला दिसतो तो एक दिवस, एक सकाळ, एक उंबरठा. ‘दर बाजारच्या दिवशी’ हेही त्याला दिसत नाही, कारण कॅमेऱ्यापुढे जे घडते ते एकदाच घडते. मराठीतला तो ‘थबके’, ‘होई’ असा नित्याची रीत सांगणारा भूतकाळ चित्रपटाच्या व्याकरणातच नाही. आणि ‘वाट पाहत नाही असे बजावणे’ ही तर दुहेरी अडचण आहे, कारण जी गोष्ट म्हातारी करीत आहे ती ती स्वतःपासून लपवीत आहे, आणि निवेदक तेवढी आपल्याला डोळा घालून सांगत आहे.

कच्चा पटकथाकार येथे म्हातारीच्या तोंडी वाक्य घालतो आणि तिला शेजारणीपाशी मुलाचे रडगाणे गायला लावतो; तेवढ्याने म्हातारी बदलते, कारण मूळची म्हातारी कोणापाशी बोलणारी नव्हती. जाणता पटकथाकार तोच उंबरठा तीनदा दाखवील: एकदा मागच्या वावरात पऱ्हाटी हिरवी आहे, एकदा बोंडे फुटली आहेत, एकदा नुसत्या पऱ्हाट्या उभ्या आहेत, म्हातारीच्या लुगड्याला दर वेळी एक दंड अधिक आहे, आणि तिसऱ्या खेपेला टपालवाल्याची सायकल रस्त्याने जाते तेव्हा ती मान वळवून पाहत नाही, एवढेच की टोपलीवरचा तिचा हात सायकलीचा आवाज दूर जाईपर्यंत तसाच राहतो. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. एका वाक्यासाठी पाऊण पान खर्ची पडले, तर तीनशे पानांच्या कादंबरीचे काय होणार हे सांगायला नको. काटछाट होते ती या हिशेबामुळे. दिग्दर्शकाच्या अरसिकपणाचा तीत फार थोडा भाग असतो.

आपल्याकडे हा प्रश्न फार लवकर आणि फार थोर माणसांनी हाताळला आहे. १९३७ साली पुण्याच्या प्रभात कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ केला. वृद्ध काकासाहेबांशी फसवणुकीने लग्न लावलेली नीरा हे लग्न मानण्याचे नाकारते, ही त्याची कथा. जेथे कादंबरीकार काकासाहेबांच्या सरत्या वयावर आणि त्यांच्या अस्वस्थतेवर भाष्य करू शकतो, तेथे शांतारामांनी भिंतीवरचे एक मोठे घड्याळ टांगले. पार्श्वसंगीताला या चित्रपटात फाटा दिलेला आहे. जे ऐकू येते ते प्रसंगातलेच असते, आणि त्या शांततेत घड्याळाचा ठोका म्हणजे घरात बसलेला एक साक्षीदारच होतो. निवेदकाची खुर्ची एका निर्जीव वस्तूला दिली गेली, आणि ती तिने समर्थपणे सांभाळली. काकासाहेब झालेले केशवराव दाते घड्याळाकडे पाहतात तेव्हा प्रेक्षकाला जे समजते, त्यासाठी कादंबरीला दोन परिच्छेद लागले असते.

प्रथमपुरुषी कादंबऱ्यांत ही अडचण आणखी टोकाला जाते, कारण तेथे सांगणारा आणि भोगणारा एकच असतो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त मोठा श्याम रात्रीमागून रात्री आपल्या सोबत्यांना लहान श्यामची हकीकत सांगतो, पुस्तकाचा सारा गहिवर या दोन श्यामांमधल्या अंतरात आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली तिचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले, ते मुख्यतः आईला मध्यभागी आणून. वनमालाबाईंची आई पाहिल्यावर सांगणाऱ्या श्यामची उणीव फारशी जाणवत नाही, हे खरे. परंतु पुस्तकातला पश्चात्ताप चित्रपटात वात्सल्य होऊन येतो, हेही तितकेच खरे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) अमोल पालेकरांनी चाळीस वर्षांनी पडद्यावर आणली, आणि मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर सुजय डहाके यांनी चित्रपट केला, या दोहोंतही सांगणारा ‘मी’ पडद्यावर एक पात्र म्हणून उभा राहतो आणि प्रेक्षक त्याच्या डोळ्यांनी पाहण्याऐवजी त्याच्याकडे पाहू लागतो. ‘शाळा’ वाचताना ज्या ओळींना आपण मोठ्याने हसलो, त्या मुकुंदाच्या मनातल्या होत्या. पडद्यावर एक कोवळा, संकोची मुलगा दिसतो आणि त्याच्या मनातला तो टवाळखोर फारसा ऐकू येत नाही.

सांगणाऱ्यालाच पात्र करून त्याचा पुरेपूर लाभ उठवण्याचे काम विजय तेंडुलकरांनी केले आणि ते मला आजवरच्या मराठी रूपांतरांत सर्वांत हुशारीचे वाटते. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या एकत्र करून त्यांनी १९७९ च्या ‘सिंहासन’ची पटकथा रचली. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारपुढारी, चाळीतला बेकार तरुण, अशी ही माणसे एकमेकांना भेटण्याचे कारण नाही. त्यांना सांधतो तो वार्ताहर दिगू टिपणीस. तो सगळीकडे जातो, सगळे ऐकतो आणि काहीच करू शकत नाही, म्हणजे थोडक्यात कादंबरीतल्या निवेदकाचे जे काम तेच तो करतो. फरक एवढाच की निवेदकाला पोट नसते, लाज नसते, आणि दिगूला ही दोन्ही आहेत. शेवटी दिगू झालेले निळू फुले भर रस्त्यात वेड्यासारखे हसत सुटतात तेव्हा साधूंच्या शैलीतला कोरडा उपरोध एका माणसाच्या घशातून बाहेर पडलेला असतो.

आता पुन्हा गोनीदांकडे. ‘जैत रे जैत’ ही कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांची कथा. लिंगोबाच्या डोंगराच्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी आहेत. पुण्यवंत होऊ पाहणाऱ्या नाग्याचा एक डोळा राणीमाशीच्या दंशाने जातो. तो तिच्याशी वैर धरतो. नवऱ्याचे घर सोडून आलेली चिंधी त्याच्या पाठीशी उभी राहते. आणि तो जिंकतो तेव्हा जिंकल्याचे ऐकायला ती उरत नाही. कागदावर पाहिले तर इतकीच घटना. बाकी सगळे गोनीदांच्या वाणीत आहे, आणि ती वाणी तर मुळातच बोलून दाखवायची: स्वतःच्या कादंबऱ्यांचे जाहीर अभिवाचन करणारा हा लेखक होता. अशा कादंबरीतला निवेदक काढून घेतला तर मागे डोंगर, माश्या आणि दोन माणसे राहतात.

जब्बार पटेलांनी ती वाणी गाण्यांच्या स्वाधीन केली. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत असलेली गाणी या चित्रपटात इतकी आहेत की एरवी तो संगीतिका ठरला असता. परंतु त्यांतली पुष्कळशी गाणी ठाकरांच्या समूहाच्या तोंडी आहेत आणि ती कथा थांबवीत नाहीत, पुढे नेतात. वस्तीच आपल्यातल्या एकाची गोष्ट सांगत आहे असे वाटते. नाग्या आणि चिंधी झालेल्या डॉ. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यांवर जे येत नाही, किंवा आणणे शोभले नसते, ते ढोल आणि कोरस सांगून टाकतात. चित्रपटांतली गाणी म्हणजे कथेला लावलेले ठिगळ, अशी सुशिक्षितांची एक समजूत आहे, आणि नव्वद टक्के चित्रपटांपुरती ती रास्तही आहे. परंतु ज्या समाजात कीर्तन, भारूड, गोंधळ आणि लावणी यांतूनच कथा सांगण्याची रीत, तेथे निवेदकाला गाणारा करणे हा सर्वांत स्वाभाविक मार्ग असतो, हे या एका चित्रपटाने दाखवले. त्याचे अनुकरण करण्याचे धाडस पुढे फार थोड्यांनी केले, याची खंत वाटते.

‘देवकीनंदन गोपाळा’ची गोष्ट निराळी, कारण ती कादंबरीपेक्षा चरित्राच्या जवळची. गोनीदांनी गाडगेबाबांना पाहिले होते, त्यांच्यासोबत खेडोपाडी फिरले होते, आणि या अनुभवाचे त्यांच्या लेखनावर कायमचे ऋण आहे. शेंडगावचा जन्म, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामाकडे गेलेले बालपण, १९०५ सालचा गृहत्याग, ऋणमोचनची यात्रा, हातात खराटा आणि डोक्यावर गाडग्याची खापरी, पंढरपूर-आळंदी-नाशिक येथील धर्मशाळा, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच झालेला अंत, असा हा पट. पण येथे निवेदक शोधायची गरजच नव्हती, कारण चरित्रनायक स्वतःच बोलणारा होता. बाबांचे कीर्तन म्हणजे सवाल-जबाब: ते श्रोत्यांना विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच बाबा त्यांना पेचात धरीत. कर्ज काढून सण करावा काय, दगडाला बकरे कापावे काय, पोराला शाळेत घालावे काय. आणि हे सारे वऱ्हाडीत. पडद्याला याहून आयता मजकूर कोणता? कीर्तन ही एकाच वेळी घटनाही असते आणि निवेदनही असते.

बाबांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी केली. साताऱ्यात जन्मलेला, कान-नाक-घशाचा शस्त्रवैद्य झालेला आणि देवाला निवृत्त करा असे पुढे जाहीरपणे सांगणारा हा नट वऱ्हाडच्या निरक्षर संताचा अंगरखा चढवतो, हा योग विलक्षण खरा, परंतु विसंगत मुळीच नव्हे. देवळात देव नाही असे गाडगेबाबाच कीर्तनातून सांगत होते. लागूंनी वऱ्हाडी उच्चारांची नक्कल करण्यापेक्षा त्या बोलण्यातला दम पकडण्यावर भर दिला, असे मला चित्रपट पाहताना वाटले. अमरावतीकराच्या कानाला त्यात कोठे कोठे पुण्याचा वास येईल. त्याने तो पोटात घालावा.

मुळात बदल कधी करावा, यासाठी येथे सत्यजित राय यांचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’त अपू आणि दुर्गा आगगाडी पाहायला म्हणून रानोमाळ भटकतात, पण ती त्यांना दिसत नाही, आणि दुर्गा ती न पाहताच मरते. राय यांनी १९५५ च्या चित्रपटात मुलांना काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावत नेऊन आगगाडी दाखवली. मूळ ग्रंथाशी ही उघड बेइमानी आहे, आणि जगाने त्या चित्रपटातले जे दृश्य सर्वाधिक लक्षात ठेवले ते हेच. ‘न दिसलेली आगगाडी’ कादंबरीकार चारशे पाने वाचकाच्या मनात धावती ठेवू शकतो. पडद्यावर न दिसलेली वस्तू नुसती नसते. हे ज्याला कळले त्याने बदल करावा, ज्याला कळले नाही त्याने मुळाला हात लावू नये.

दूरचित्रवाणीचा हिशेब वेगळा आहे, आणि माझ्या मते तो कादंबरीला अधिक मानवणारा आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने येत होती आणि पुढच्या अंकाची वाट पाहत घरोघरी तिची चर्चा होई. म्हणजे मालिका हा प्रकार मराठी वाचकाने प्रेक्षक होण्यापूर्वीच अंगी मुरवलेला होता. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मंजुरी मिळण्याचा प्रघात होता. जाहिराती वगळून बावीस मिनिटांचा भाग धरला तर तेरा भागांचे पावणेपाच तास होतात, चित्रपटाच्या दुपटीहून अधिक. एवढ्या अवकाशात दुय्यम पात्रे जगू शकतात, प्रसंगाला उसंत मिळते.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’वर गजानन जागीरदार यांनी केलेली मालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना रवींद्र मंकणी यांचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई आजही आठवतात, आणि शनिवारवाड्याच्या दालनातली ती सावकाश संभाषणेही आठवतात. जागीरदार जन्माने अमरावतीचे; ‘रामशास्त्री’ चित्रपटातली मुख्य भूमिका करून चार दशके लोटल्यावर, आयुष्याच्या अखेरीस, ते पुन्हा पेशवाईत शिरले आणि त्यांनी माधवरावांना घाईने मरू दिले नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि ना. धों. ताम्हनकरांचा गोट्याही असेच मालिकांतून घराघरांत पोचले. पुढे रोजच्या मालिका आल्या, भागांची संख्या शेकड्यांनी मोजली जाऊ लागली, आणि एका भुवईचे उंचावणे तीन कोनांतून तीनदा दाखवण्याची कला बहरास आली. त्या मालिकांना कादंबरी पुरत नाही, म्हणून त्यांनी कादंबरीकडे जाणेच सोडून दिले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट झाली.

इतिहासाच्या कादंबऱ्यांचा एक वेगळाच जाच आहे. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून संजय लीला भन्साळी यांनी २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ केला तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात म्हणून गहजब झाला. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वरून लक्ष्मण उतेकरांनी केलेल्या हिंदी चित्रपटातून २०२५ साली संभाजीमहाराजांच्या लेझीमचे दृश्य प्रदर्शनापूर्वीच गाळावे लागले. कादंबरीत लेखक नायकाला काही करायला लावतो तेव्हा ते लेखकाचे मत म्हणून वाचले जाते. तेच पडद्यावर दिसले की ‘असे घडले’ अशी ती ग्वाही मानली जाते. निवेदक हजर असतो तेव्हा जबाबदारी तो घेतो. तो गैरहजर झाला की प्रत्येक चित्र सरकारी दस्तऐवजासारखे शिक्कामोर्तब झालेले भासू लागते.

एवढे झाल्यावर वऱ्हाडच्या वाचकाने एक साधा प्रश्न विचारावा: आमच्या कादंबऱ्यांचे काय? गोनीदांच्या ज्या कादंबऱ्या पडद्यावर गेल्या त्या मावळच्या आणि ठाकरांच्या. ‘पूर्णामायची लेकरं’ ही त्यांची वऱ्हाडी बोलीत लिहिलेली कादंबरी, जिच्यात पूर्णेच्या काठची माणसे आपल्याच जबानीत बोलतात, ती पडद्यावर आलेली माझ्या पाहण्यात नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’चे (१९६०) दैव तर चमत्कारिक. शिवाजी लोटन पाटील यांच्या ‘धग’ नावाच्या चित्रपटाला २०१२ या वर्षाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचा आणि उषा जाधव यांना अभिनयाचा सन्मान मिळाला, तेव्हा शेळक्यांची नायिका कौतिक अखेर पडद्यावर आली असा अनेकांचा समज झाला. तो चित्रपट गुणी आहे, परंतु स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाची ती स्वतंत्र कथा आहे. तिचा या कादंबरीशी नावापलीकडे संबंध नाही. नवऱ्याच्या दुखण्याने खचलेला संसार एकटीच्या बळावर उभा ठेवणारी कौतिक अजून पुस्तकातच आहे.

वऱ्हाड पडद्यावर आलेच नाही असे नव्हे. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने (२००९) विदर्भातल्या शेतकऱ्याचे मरण वऱ्हाडी बोलीत आणि काळ्या विनोदासकट दाखवले, पण ती मूळचीच पटकथा. बुलडाण्याकडच्या सदानंद देशमुख यांच्या, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ‘बारोमास’वर धीरज मेश्राम यांनी चित्रपट केला, तो हिंदीत. हिंदीत केल्याने बाजार मोठा होतो, हे मान्य. परंतु या मुलखाच्या कादंबरीत निवेदक कोण असतो? ‘काऊन’, ‘कायले’, ‘मले’, ‘तुले’ यांतून जी तिरकस, सोशीक आणि मधूनच खवट होणारी दृष्टी बोलते, तीच निवेदक असते. शेळके दुःखाची गोष्ट सांगताना आवाज चढवत नाहीत. पात्रांचे बोलणेच इतके नेमके असते की लेखकाने मध्ये पडायची गरज उरत नाही. म्हणजे ज्या निवेदकाला पडद्यावर जागा मिळत नाही म्हणून आपण इतका वेळ चिंता केली, तो वऱ्हाडी कादंबरीत आधीच पात्रांच्या तोंडात जाऊन बसलेला आहे. रूपांतराला याहून अनुकूल सामग्री मराठीत दुसऱ्या प्रांताजवळ क्वचितच असेल. अडचण एकच, की ही बोली विनोदी नोकराच्या किंवा गावंढळ पाहुण्याच्या तोंडी घालायची वस्तू आहे, अशी मुंबई-पुण्याच्या निर्मात्यांची जुनी समजूत आहे, आणि ती मोडून काढायला ‘सैराट’सारखा बोलीतूनच गाजलेला एखादा चित्रपट इकडेही व्हावा लागेल.

आता जो तरुण अंजनगावात, दर्यापुरात किंवा अकोटात कॅमेरा घेऊन बसला आहे, आणि असे तरुण आज तालुक्यातालुक्यांत आहेत, त्याच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कादंबरीवरून चित्रपट करण्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये लेखकाचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे तो टिकतो. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. तोंडी ‘करा की’ म्हटल्याने काही होत नाही. करारनाम्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि वेगळे काही नमूद नसताना वर्षभरात हक्काचा उपयोग केला नाही तर तो गळून जातो. शिवाय हक्क विकल्यावरही कृतीचा विपर्यास झाल्यास दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याच अधिकाराच्या आधारे दावा लावला होता.

शेळके १९९२ मध्ये गेले आणि गोनीदा १९९८ मध्ये. त्यामुळे ‘धग’ २०५२ च्या अखेरीपर्यंत आणि ‘पूर्णामायची लेकरं’ २०५८ च्या अखेरीपर्यंत कायद्याच्या संरक्षणात आहेत. तेवढे थांबण्याचे कारण नाही. दोन्ही पुस्तके आधी मोठ्याने वाचून काढावीत आणि मग पहिले पत्र वारसांना लिहावे.